डक्टमधून फुस्स फुस्स आवाज, आणि पिल्लू खाली पडलंय

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. रात्रभर डक्टमधून फुसफुस, सगळ्यांना वाटतंय साप आहे, आणि सकाळी पार्किंगमध्ये पांढरं, माकडतोंडी पिल्लू. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत सेम हेच. साप नाही हो, गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत, भूक लागली की तशीच फुसफुसतात.

काय भरवू विचारलंयत ना, काहीही नाही! पाणी तर अजिबात नको. माझी घोडचूक हीच. सासूबाईंनी दूध-ब्रेड कालवला, मी ड्रॉपरने चोचीत पाणी सोडलं. यांची श्वासनळी जिभेच्या लगेच मागे उघडते, पाणी थेट आत गेलं. ठसकलं, चोचीतून बुडबुडे आले, दुपारी गेलं बिचारं. आणि मी तोवर एका ऑफिसला फोन लावत बसले होते, आधी साहेब मीटिंगला, मग 'ही हद्द आमची नाही', मग जो दुसरा नंबर दिला तो फिरून त्याच टेबलावर, शेवटी काय तर 'फोटो लावून अर्ज द्या'. जाऊ दे, अजून डोकं फिरतं.

वनविभागाची 1926 हेल्पलाइन आहे, तिथे लावा. मी काही डॉक्टर नाही, पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर जाणकारच हवा. धडधाकट असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात जुना टॉवेल, अंधार, शांतता, आणि संध्याकाळच्या आत परत डक्टमध्ये, आईबाप रात्री येतातच. माणसाचा हात लागला की आई घेत नाही हे साफ खोटं.

बाकीची पिल्लं लहानमोठी दिसतील, घाबरू नका. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालतात आणि पहिल्यापासूनच उबवायला बसतात, म्हणून थोरलं-धाकटं. धाकटं किडकिडीत दिसतं म्हणून दया येऊन घरी आणू नका.

अपशकुन म्हणणारे कमिटीत असतीलच. त्यांना डक्टखालचे काळे गोळे दाखवा, ती विष्ठा नसते, न पचलेलं ओकून टाकलेलं असतं. मी एक कोमट पाण्यात सोडवला तर उंदराची अख्खी कवटी निघाली, पुढचे दात नारिंगी, मुलगी दोन दिवस डबीत घेऊन फिरत होती.

आणि डक्टला जाळी मारायची घाई नको, सगळी उडून गेल्यावरच. आत्ता मारलीत तर आतली उपाशी मरतील.