विचारा बिनधास्त: म्युनिकला जाताय तर डाखाऊ बघायचं का?

प्रश्न: मुलगा-सून म्युनिकला असतात, जूनमध्ये मी आणि हे दीड महिना जातोय. नाझींची डाखाऊची छळछावणी तिथून जवळच आहे म्हणे आणि ह्यांना ती बघायचीच आहे. सून म्हणते सुट्टीत असलं कशाला, आणि नातू दहा वर्षांचा आहे, त्याला तर अजिबात नको. जावं का? नातवाला न्यावं का?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर: काकू, काकांचं बरोबर आणि सुनेचंही बरोबर. तुम्ही दोघं जा, नातवाला घरी ठेवा. आत प्रेतांचे फोटो आहेत, कैद्यांना बर्फासारख्या गार पाण्यात बुडवून डॉक्टर लोक प्रयोग करायचे त्याचेही आहेत, मोठ्या माणसाला रात्री जेवण जात नाही तर पोराचं काय. चार-पाच वर्षांनी त्याला त्याचे आईबाप नेतील की.

जायला सोप्पंय. म्युनिकच्या मेन स्टेशनवरून एस-टू लोकल, वीस-पंचवीस मिनिटांत डाखाऊ, तिथून ७२६ नंबरची बस. तिकीट नाही, प्रवेश फुकट, ऑडिओ गाइडचे तेवढे पैसे पडतात. मी गेले तेव्हा बसमध्ये शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, पिशवीतून कांद्याच्या पातीसारखं काहीतरी बाहेर आलेलं, दोन स्टॉप आधी उतरून घराकडे गेल्या. मला वाटत होतं असली जागा कुठेतरी जंगलात, जगापासून लपवून असेल, आणि इथे तर बाजार करून येणाऱ्या बायकांच्या बसरूटवर!

आणि लपवलेली नव्हतीच हो ती. हिटलर ३० जानेवारी १९३३ ला चॅन्सेलर झाला आणि २२ मार्चला डाखाऊ सुरू, म्हणजे दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. बंद पडलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात छावणी काढतोय हे हिमलरने, तो तेव्हा म्युनिकचा पोलीसप्रमुख होता, आधी पत्रकारांना बोलावून सांगितलं, पेपरात छापून आलं. पहिले कैदी कोण, तर कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, युनियनवाले. लोकांना वाटलं असेल, बरं झालं, कटकट गेली. मग यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक, समलैंगिक पुरुष, रोमा (म्हणजे जिप्सी), नोव्हेंबर १९३८ नंतर एकदम सुमारे ११ हजार ज्यू पुरुष, पुढे पोलंडचे पाद्री शेकड्यांनी. १२ वर्षांत दोन लाखांवर माणसं आली, त्यातली किमान ४१,५०० मेली. म्हणून माझं ऐकाल तर सगळे जातात तसं थेट प्रेतं जाळायच्या भट्ट्यांकडे जाऊ नका, म्युझियमच्या पहिल्या खोल्यांत, १९३३ च्या, तासभर घालवा. तिथे अजून भट्ट्या नाहीत, नुसते हुकूम, नियमावल्या आणि शिक्के आहेत आणि मला तरी तेच जास्त अंगावर आलं.

गेट बघून थोडा भ्रमनिरास होईल. 'काम केल्याने मुक्ती मिळते' हे जर्मन वाक्य कमानीवर वगैरे नाही (ती पोलंडमधल्या ऑशविट्झ छावणीची), लोखंडी गेटातल्या एका माणूसभर दारात आहे. ते दार २०१४ साली चोरीला गेलं होतं, दोन वर्षांनी थेट नॉर्वेत सापडलं, आता खरं दार म्युझियममध्ये काचेआड आणि गेटात नक्कल. आत हजेरीचं मोठ्ठं मैदान, सगळी खडी, प्रत्येक पावलाला कर्रकर्र वाजते, कोणी बोलत नाही त्यामुळे जास्तच. बूट घाला, चपला नको, गुडघे दुखत असतील तर काकांना काठी घ्यायला लावा. बराकी फक्त दोन, त्याही नंतर बांधलेल्या, बाकीच्यांचे नुसते चौथरे. एका बराकीत २०० जण राहावेत असा हिशेब होता, शेवटी शेवटी दोन हजारांपर्यंत कोंबले.

आणि शेवटी क्रेमॅटोरियमपाशी, म्हणजे त्या भट्ट्यांपाशी, एक पाटी आहे ती चुकवू नका. चार बायकांची नावं आहेत, त्यात नूर इनायत खान. वडील इनायत खान आपल्या बडोद्याचे, त्यांच्या आईचे वडील मौला बक्ष यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळा काढली, ते घराणं. ही पोरगी ब्रिटिशांची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसला गेली, आसपासचे सगळे पकडले गेले तरी परत यायला नाही म्हणाली. शेवटी तीही पकडली गेली, १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊत गोळी घातली, वय वर्षं ३०. मी तिथे उभी राहिले आणि मला उगाच तानपुरा आठवला.

प्रश्न: डाखाऊचं गॅस चेंबर वापरलंच नव्हतं असा फॉरवर्ड आलाय. मग बाकीचंही खोटंच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अर्धं खरं सांगून पूर्ण खोटं गळी उतरवायची जुनी ट्रिक आहे ही. डाखाऊचं गॅस चेंबर सामूहिक हत्येसाठी वापरलं गेलं नाही हे खुद्द डाखाऊचं स्मारकच सांगतं, त्यात गौप्यस्फोट काही नाही. पण इथले अडीच हजारांवर कैदी, आजारी, काम न होणारे, १९४२ मध्ये ऑस्ट्रियात हार्टहाइमच्या वाड्यात नेऊन गॅसनेच मारले. जवळच्या हेबर्ट्सहाउसेनच्या गोळीबार मैदानावर चार हजारांवर सोव्हिएत युद्धकैदी उडवले. बाकीचे बहुतेक उपासमार, मारहाण आणि टायफसच्या तापाने गेले. आणि ऑशविट्झमध्ये साधारण ११ लाख माणसं मारली, त्यात दहाएक लाख ज्यू. हे पाठवणाऱ्याला फॉरवर्ड करा, ग्रुपमधून काढलं तर काढलं.

प्रश्न: माझ्या गळ्यात आजीने दिलेलं स्वस्तिकाचं लॉकेट असतं. डाखाऊला चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नको. जर्मनीत नाझी चिन्ह मिरवणं गुन्हा आहे, आणि आपलं वेगळं हे गेटवर समजावत बसणार का? आणि तिथे एखाद्या कैद्याची नात शेजारी उभी असू शकते, तिला आपली दारातली रांगोळी माहीत नसते. त्या दिवशी घरीच काढून ठेवा, संध्याकाळी आल्यावर घाला.