भारताचं क्रीडा मंत्रालय कधी सुरू झालं? युवक आणि क्रीडा एकत्र का? आणि गावच्या मैदानासाठी दिल्लीला पत्र लिहून उपयोग होतो का?

स्वतंत्र मंत्रालय २७ मे २००० पासून आहे. त्याआधी तो नुसता विभाग होता, १९८२ पासूनचा. पण तुमच्या बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं या दोन तारखांच्या मागेपुढे दडलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कराडकडच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचो आणि बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एनएसएसचा, कार्यक्रम अधिकारीही होतो. माझ्या टेबलावर खेळाची आणि शिबिराची परिपत्रकं शेजारी शेजारी पडलेली असायची. दोन्हींचं दिल्लीतलं मूळ एकच, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या भागात या विषयाची सुरुवात खाशाबा जाधवांपासूनच होते. गोळेश्वर हे त्यांचं गाव, कराड तालुक्यातलं. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खेळासाठी वेगळं खातं त्या वेळी केंद्रात नव्हतंच. विषय शिक्षण मंत्रालयाकडे होता. पुढे १९५४ मध्ये अखिल भारतीय क्रीडा परिषद नेमली गेली. १९६१ मध्ये पतियाळात प्रशिक्षक घडवणारी राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही सुरू झाला. खाशाबांना मात्र तो २००० सालचा मिळाला, मरणोत्तर. ते १९८४ मध्येच गेले होते. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

युवकांचं काम वेगळ्या वाटेने वाढत होतं, पण तेही शिक्षण मंत्रालयातच. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन एनएसएस सुरू झाली. १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रं आली, ती मुख्यतः कॉलेजबाहेरच्या ग्रामीण तरुणांसाठी.

मग आलं १९८२ चं दिल्लीचं एशियाड. (आपल्या एसटीच्या निमआराम गाडीला आपण ज्याचं नाव दिलं, तेच.) एवढ्या मोठ्या स्पर्धेची तयारी शिक्षण मंत्रालयाच्या एका कोपऱ्यातून होणं शक्य नव्हतं, म्हणून केंद्राने क्रीडा विभाग स्थापन केला. हे नीट लक्षात घ्या: खेड्यापाड्यातल्या पोरांना खेळायला मिळावं या विचारातून हे खातं जन्मलेलं नाही, यजमानपदाच्या गरजेतून जन्मलंय. स्पर्धा संपल्यावर जवाहरलाल नेहरू स्टेडियमसारख्या वास्तू सांभाळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून १९८४ मध्ये भारतीय खेळ प्राधिकरण, म्हणजे साई, निघालं. पतियाळाची संस्थाही १९८७ मध्ये साईतच विलीन झाली. पहिलं राष्ट्रीय क्रीडा धोरणसुद्धा एशियाडनंतरचंच, १९८४ चं.

आता एकत्र का, ते. १९८५ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय युवा वर्ष होतं. त्या निमित्ताने क्रीडा विभागाचं नाव 'युवा व्यवहार आणि क्रीडा विभाग' झालं. त्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाचं मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं आणि हा विभाग त्याच्या छत्राखाली राहिला. २००० मध्ये तो बाहेर पडून स्वतंत्र मंत्रालय झाला. पुढे ३० एप्रिल २००८ पासून आतल्या आत दोन विभाग केले, युवा आणि क्रीडा, प्रत्येकाला स्वतंत्र सचिव. मंत्री एकच, सचिव दोन, अशी ती रचना.

माझ्या मते जोडी चुकीची नाही, पण तोल कायम खेळाकडे, त्यातही पदकांकडे झुकलेला राहिला. पदक आलं की मंत्रालय बातमीत येतं. एनएसएसच्या शिबिरात सात दिवस एखाद्या वाडीत राहून बंधारा बांधणारी पन्नास पोरं कुठल्याच बातमीत येत नाहीत. मी ती पोरं पाहिली आहेत. पहिल्या दिवशी फावडं धरता न येणारा मुलगा शेवटच्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांचा निरोप घेताना रडतो, हे मी एकदा नाही, दरवर्षी पाहिलंय.

तिसरा प्रश्न मैदानाचा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्य सरकारांच्या अखत्यारीतला विषय आहे, नोंद क्रमांक ३३. तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, आणायला १९८८ मध्ये राज्यसभेत घटनादुरुस्ती विधेयक आलं होतं, पण ते मंजूर झालं नाही. त्यामुळे दिल्लीचं मंत्रालय राष्ट्रीय संघटनांना मान्यता देतं, साई चालवतं, निवडक खेळाडूंना 'टॉप्स' या ऑलिंपिक पदकांसाठीच्या योजनेतून मदत करतं. संघटनांच्या कारभारासाठी २०११ मध्ये क्रीडा संहिता आली आणि २०२५ मध्ये संसदेने त्यासाठी कायदाही केला. खेलो इंडिया या केंद्राच्या योजनेतून मैदानासाठी पैसा येतो, पण तो प्रस्तावसुद्धा साधारणपणे राज्यामार्फतच जातो. सध्या या खात्याच्या राज्यमंत्री रावेरच्या रक्षा खडसे आहेत, म्हणून आपल्याकडचे बरेच जण थेट त्यांना पत्र लिहायचं म्हणतात. लिहा, पण काम तेवढ्यावर होणार नाही.

तुम्ही आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा. ते राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाखाली काम करतात. 'क्रीडांगण विकास अनुदान' असं नाव घेऊन विचारा, म्हणजे बोलणं लवकर मुद्द्यावर येईल. सोबत जागेचा सातबारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन जा. आमच्या एका शेजारच्या गावाची दोन वर्षं केवळ सातबाऱ्यावरच्या जुन्या नावापायी गेली, म्हणून तो उतारा आजच काढून बघा.