उजेड दिल्यावर रोपातला फायटोक्रोम वाढतो का?

'प्रकाश ओळखणारं प्रोटीन आहे तर उजेडात ते वाढायलाच हवं ना' असं तुम्ही विचारलंय. नाही हो. फायटोक्रोम ए तर बरोबर उलटा, अंधारात भरमसाठ साठतो आणि उजेड लागला की काही तासांत संपत येतो. नवरात्रात घटातलं धान कसं पिवळट, लांबुडकं येतं, त्याहून काळोखात वाढवलेली रोपं त्याने नुसती भरलेली असतात.

हे मला कसं कळलं ते ऐका. एमएस्सीच्या प्रोजेक्टला चार दिवस अंधारात वाढवलेल्या ओटच्या रोपांचे वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडी लावून एखादं प्रोटीन पट्ट्याच्या, म्हणजे बँडच्या, रूपात बघायची पद्धत) करत होतो, 124 किलोडाल्टनला, म्हणजे अख्ख्या फायटोक्रोम ए च्या वजनाला, ठसठशीत बँड दोनदा आला आणि तिसऱ्यांदा जवळपास गायब. गाइड म्हणाले पीएमएसएफ (प्रोटीएजला थोपवणारं रसायन) घालायला विसरलास, प्रोटीएजने, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमने, खाल्लं. सर घातलंय म्हटलं तर म्हणे मग जुनं असेल, आणि हे सगळ्या लॅबसमोर. अहो पण एक्स्ट्रॅक्टमध्ये (रोपं वाटून काढलेल्या रसात) कुरतडलं गेलं असतं तर बँड खाली 118, 114 ला दिसला असता, माझ्या ब्लॉटवर खाली काहीच नव्हतं, आणि पॉन्सोने रंगवल्यावर बाकीची प्रोटीनं जशीच्या तशी. दोन दिवसांनी कळलं, एका सीनियरने सकाळी सातला डार्करूममधून स्वतःच्या प्लेट्स काढल्या होत्या, ट्यूबलाइट लावून. "मिनिटभरच रे." मी रोपं कापली अकराला.

मिनिटभर पुष्कळ झालं की! तेवढ्यात बहुतेक रेणू पीआरचे (अंधारातलं रूप) पीएफआर (उजेडाने जागं झालेलं रूप) होतात, मग त्यांना युबिक्विटिन, म्हणजे 'हे तोडा' अशी खूण करणारं छोटं प्रोटीन, चिकटतं आणि प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन तोडायचं यंत्र, त्यांचा फडशा पाडतं, नंतर दिवा बंद केला तरी हे चालूच राहतं. वर त्या जीनचं ट्रान्सक्रिप्शनही दबतं, म्हणजे नवीन मालही कमीच.

तुम्ही करणार असाल तर ट्रे फॉइलमध्ये गुंडाळा, डार्करूमला आतून कडी लावा, आणि हिरव्या सेफलाइटवरही फार विसंबू नका, फायटोक्रोम ए ला अगदी मिणमिणता उजेडसुद्धा कळतो. कापल्या कापल्या लिक्विड नायट्रोजन. आणि सीनियर असो नाहीतर कोणी, चावी द्यायची नाही.

हां, हे सगळं ए बद्दल. फायटोक्रोम बी उजेडात बऱ्यापैकी टिकतो. निळा प्रकाश ओळखणाऱ्या क्रिप्टोक्रोम प्रोटीनांपैकी क्रिप्टोक्रोम 2 निळ्या प्रकाशात तुटतो, 1 टिकतो. आणि प्रोटीएजची भीती अगदीच खोटी नाही, 1980 च्या आसपासपर्यंत भलेभले ओटचा कुरतडलेला फायटोक्रोमच अख्खा समजत होते. पण माझ्या केसमध्ये नव्हतं ते!

नंतर मी मुद्दाम दोन ट्रे लावले, एकाला मिनिटभर ट्यूबलाइट आणि मग चार तास अंधार, दुसरा फॉइलमध्येच. एकच बफर, एकच पीएमएसएफ. पहिल्याचा बँड फिका, दुसऱ्याचा काळाकुट्ट. सरांना नेऊन दाखवलं. म्हणाले, "बरं. पण पीएमएसएफ फ्रेश करत जा."