व्हॉट्सॲपवर नोकरी गेली, आता फॉर्म भरू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी डिचोलीचा, वेर्ण्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंग मशीनवर होतो, कंपनीच्याच रोलवर, जुलैत 7 वर्षं पूर्ण झाली. गणेश चवथीच्या आठ दिवस आधी नाईट करून घरी आलो, झोपलो, उठून बघतो तर व्हॉट्सॲपवर मेसेज, उद्यापासून येऊ नका, तुम्हाला ले-ऑफ केलंय, खालच्या लिंकवर राजीनाम्याचा फॉर्म भरा म्हणजे सेटलमेंट होईल. सुपरवायझर फोन उचलत नाही. गेटवर गेलो तर वॉचमनने आत सोडलं नाही, तोच बिचारा खाली मान घालून उभा. माझ्या मागाहून त्याच मशीनवर लागलेले दोघं अजून कामावर आहेत. असा मेसेज चालतो का? बायको म्हणते भरून टाका, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या बाजाराला तरी पैसे होतील.
– नाव छापू नका, डिचोली

उत्तर : वहिनींना सांगा थोडं थांबा, कारण तो फॉर्म भरलात की कंपनीने काढलं असं राहत नाही, तुम्ही स्वतःहून सोडलं असं होतं, आणि मग भरपाई मागायला तोंड उरत नाही. सगळी मेख त्या लिंकमध्येच आहे.

मेसेजचं म्हणाल तर हे काही नवीन नाही. अमेरिकेत रेडिओशॅक या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या कंपनीने 2006 साली 400 च्या आसपास लोकांना ईमेलवर घरी पाठवलं होतं, आणि 2021 च्या डिसेंबरात बेटर डॉट कॉम या गृहकर्ज कंपनीच्या साहेबाने झूमवर एका कॉलमध्ये सुमारे 900 जणांना. निर्लज्जपणाच आहे, पण फक्त मोबाईलवर आलं म्हणून नोटीस खोटी ठरेल या भरवशावर राहू नका, 2000 च्या आयटी कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकूरही लेखी धरला जातो. बघायचं ते त्या मजकुरात काय नाही ते.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे कामगार-मालक तंट्यांचा नवा कायदा, लागू आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार, आणि वर पूर्ण झालेल्या दर वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे तुमचे 105 दिवसांचे झाले. ग्रॅच्युइटी वेगळी, तिच्यासाठीचं वेतन समजा महिना 13,000 असेल तर 7 वर्षांचे 52,500 रुपये. कारखान्यात 300 किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची परवानगी आधी लागते. आणि ते मागाहून लागलेले दोघं, तो तर तुमचा मोठा मुद्दा, कारण एकाच प्रकारच्या कामात शेवटी लागलेला आधी जातो असा नियम आहे, तो मोडायचा तर कंपनीने कारण नोंदवायला हवं.

गंमत बघा, मेसेज लिहिणाऱ्याला ले-ऑफ म्हणजे काय तेही माहीत नाही. आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं, त्यात बेसिक आणि डीएच्या (महागाई भत्त्याच्या) निम्मे पैसे मिळत राहतात. तुमची केलीय ती कपात, म्हणजे कायमचं कमी करणं.

तर स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि वेळ दिसू दे, फोन बदलायचा विचार असेल तर आत्ता नको. ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने दोन ओळी पाठवा, मी राजीनामा दिलेला नाही, कामावर यायला तयार आहे, अमुक तारखेला गेटवर अडवलं. मग पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरच्या ऑफिसात अर्ज, सोबत पगाराच्या स्लिपा आणि अपॉइंटमेंट लेटर. तिथे समेट नाही झाला तर अर्जापासून 45 दिवसांनी स्वतःच ट्रिब्युनलकडे, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरणाकडे, जाता येतं, युनियन नसली तरी. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र, नंतर दार बंद. चवथीआधी यातलं काही हातात पडणार नाही हे खरं, तेवढ्यापुरते भावाकडून घ्या.

प्रश्न : मी एचआरमध्ये आहे, वर्षच झालंय लागून. साहेबांनी 14 जणांची लिस्ट दिली आणि सांगितलं रात्री मेसेज शेड्यूल कर, सकाळी कटकट नको. करावंच लागणार, पण झोप येत नाही.
– म्हापसा

उत्तर : झोप येत नाही ते बरंच आहे गं. साहेबांना माणुसकीचं सांगू नकोस, ऐकणार नाहीत, पैशांचं सांग. नोटीस आणि भरपाई न देता काढलं आणि केस उभी राहिली तर परत घ्यायला लागू शकतं, वर मागचा पगार. हे ईमेलवर लिहून पाठव म्हणजे उद्या तुझ्या गळ्यात नको. काढल्यापासून दोन वर्किंग डेमध्ये हिशोब द्यावा लागतो हेही त्यात घाल. एवढं करूनही मेसेजच पाठव म्हणाले तर त्याआधी एकेकाला फोन कर, शिव्या खाव्या लागतील, खा. आणि लॉकरमधलं सामान न्यायला त्यांना आत सोडायचं हे गेटवर आधीच लिहून दे, कुणाचा डबा असतो, कुणाची छत्री.