वाचकांचे प्रश्न : हंगामाचं दान, जूनच्या वह्या

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीत दर जूनला रविवारच्या भक्तीनंतर गरजू मुलांना नावं पुकारून पुढे बोलावतात, वह्या देतात, फोटो काढतात. गेल्या वर्षी यादीतली दोन कुटुंबं त्या रविवारी आलीच नाहीत. वेगळं काय करता येईल?
– महिला मंडळ, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आली नाहीत यात नवल काही नाही. आठवीतल्या मुलीला वर्गमैत्रिणींच्या देखत ‘गरजू’ म्हणून उभं केलं, तर त्या वह्या तिला वर्षभर टोचत राहतात. वाटप हा प्रकारच बंद करून वह्यांचं टेबल मांडावं, असं आमचं मत आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मंडळीतल्या झाडून सगळ्या घरांना, सुखवस्तू घरांनाही, एकच कागद द्या : इयत्ता, माध्यम, कोणत्या प्रकारच्या किती वह्या. मंडळी घाऊक भावात आणणार असल्यामुळे सगळ्यांचाच फायदा असतो, म्हणून सगळे भरून देतात. पैसे मे महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत खजिनदारांकडे जमा. ज्यांना जमत नाही त्यांनी फक्त पाळकांच्या (पास्टरांच्या) कानावर घालायचं; तेवढी रक्कम शिक्षण निधीतून भरली जाते. अर्धे पैसे देतो म्हणणाऱ्यांचे अर्धे जरूर घ्या, फुकट नको असणारी घरं पुष्कळ असतात. मग प्रत्येकाला सारखीच शिक्का मारलेली चिठ्ठी. शाळा उघडण्याच्या आधीच्या रविवारी मुलांनी चिठ्ठी दाखवायची आणि गठ्ठा न्यायचा.

हे फसतं ते दोन ठिकाणी. ‘राहिलेत तेवढे घ्या’ म्हणत टेबलावर कोणीतरी रोख पैसे स्वीकारतो, आणि खिशात हात न घालणारे लगेच ओळखू येतात. टेबलावर रोख घेऊच नये. दुसरं, निधीतून कोणाचे पैसे भरले ती यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ती पाळक आणि खजिनदार यांच्यापलीकडे जाता कामा नये. कमिटीला आकडा पुरे, नावं नकोत.

खरेदीचं थोडं. पहिली-दुसरीला दुरेघी, चौरेघी आणि चौकटीच्या वह्या लागतात. सरसकट एकरेघी आणल्या तर निम्म्या घरी पडून राहतात. पाचवी ते सातवीला शंभर पानी डझनभर, नववी-दहावीला दोनशे पानी लाँगबुक, तीही डझनभर, हा ढोबळ हिशेब. पण काही शाळा आपल्याच छापाच्या वह्या घ्यायला लावतात, तेव्हा आधी शाळेत विचारा. चाळीस मुलं, सरासरी दहा वह्या म्हणजे चारशे, अर्थात चौतीस डझन. छत्तीस मागवा, कारण शाळा सुरू झाल्यावर यादीत भर पडतेच. उरलेल्या परत घेण्याचं दुकानदाराशी आधी बोलून ठेवा. तीन दुकानांचे लेखी भाव घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांच्यावर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो लावलेला दिसला तर विचारा. पाठ्यपुस्तकं मात्र घाईने घेऊ नका : सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ती मोफत मिळतात. तो पैसा नववीच्या पुढच्यांकडे वळवा. तिथेच ओढाताण जास्त असते.

प्रश्न : हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानतो तेव्हा, ज्वारी, भोपळे, कोंबड्या, अंडी असं दान येतं आणि भक्तीनंतर लिलाव होतो. ते पैसे शाळेच्या मदतीसाठी ठेवले तर चालतील का?
– एक नवे खजिनदार

उत्तर : चालतील, पण लिलावाच्या आधी तसं जाहीर व्हायला हवं. लिलावात लोक भोपळ्याचा भाव देत नसतात, दान देत असतात. बोली लावताना ‘मंडळीच्या कामासाठी’ असं समजून दिलेला पैसा नंतर दुसरीकडे वळवला की कुरबुर सुरू होते. कमिटीचा ठराव आधी लिहून घ्या, ज्वारीपासून कोंबडीपर्यंत प्रत्येक जिन्नस, बोली आणि घेणाऱ्याचं नाव एकाने वहीत टिपावं, आणि रक्कम दोघांनी मिळून मोजून दोघांनी सही करावी. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना प्रेषित पौलानेही एकट्याच्या हाती पैसा ठेवला नव्हता. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढून पाहा. उधारीची बोली हा जुना रोग आहे. महिन्याची मुदत द्या आणि वसूल झालेलीच रक्कम निधीत धरा.

सणापासून जूनपर्यंत पैसा पडून राहतो. आपली मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्राच्या 1950च्या कायद्यानुसार तो शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेत, टपाल बचत खात्यात किंवा शासनाने मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवायचा असतो. जादा व्याजाच्या आशेने पतसंस्थेत ठेवू नये. 31 मार्चच्या ताळेबंदात शिक्षण निधी वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे.

प्रश्न : एक देणगीदार वह्यांवर आपल्या आईच्या नावाची चिकटपट्टी लावा म्हणतात. नकार कसा द्यावा?

उत्तर : नावाला नकार द्या, देणगीला नव्हे. वर्षाच्या अहवालात ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी ओळ घालता येते. मुलांकडून आभाराची पत्रं लिहून घेऊ नका; आभार मानणं खजिनदाराचं काम आहे. पत्रात पोकळ स्तुती नको, हिशेब हवा : ‘आपल्या देणगीतून सहा मुलांच्या वर्षभराच्या वह्या आणि दोघांच्या कंपासपेट्या घेतल्या. 140 रुपये उरले, ते पुढील वर्षाच्या निधीत जमा केले आहेत.’ असं पत्र पंधरा दिवसांत गेलं की तो माणूस पुढच्या वर्षी आपणहून देतो.

प्रश्न : विद्यार्थ्यांसाठीच्या प्रार्थनेच्या रविवारी दहावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. नापास झालेली मुलं मग महिनोन्‌महिने फिरकत नाहीत.

उत्तर : सत्कार वेगळ्या दिवशी करा. त्या रविवारी बालवाडीपासून महाविद्यालयापर्यंत सगळ्यांना आपापल्या जागीच उभं राहायला सांगून प्रार्थना करावी. शिक्षक, शाळेचे शिपाई, रिक्षाकाकाही त्यात यावेत. टक्के कोणाचेच वाचू नयेत.

नापास मुलाला धीराच्या शब्दांइतकीच तारखेची गरज असते. पुरवणी परीक्षेचे अर्ज निकालानंतर थोड्याच दिवसांत शाळेमार्फत भरावे लागतात, आणि घरात सुतकी वातावरण असताना ती मुदत हुकते. निकालाच्या आठवड्यातच तरुण संघातल्या कोणी घरी जावं, उपदेश न करता अर्जाचं विचारावं, शुल्क निधीतून द्यावं. गणित-विज्ञानासाठी संडे स्कूलची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवली तरी खूप झालं.

प्रश्न : मंडळीबाहेरच्या मुलांनाही द्यावं का?

उत्तर : अवश्य, मुख्याध्यापकांमार्फत. सोबत पत्रक नको, प्रार्थनेला येण्याची अट तर नकोच.

प्रश्न : परदेशातले नातेवाईक पैसे पाठवू इच्छितात.

उत्तर : पाठवणाऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही, पासपोर्टची प्रत फाइलला लावा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, मग ते मूळचे आपल्याच गावचे असोत, एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. नोंदणी असली तरी ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच यावी लागते. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात मागवण्याची पळवाट कोणी सुचवली, तर सरळ नाही म्हणा.