एआय दोन मिनिटांत अक्षरं काढून देतं, मग सुलेखन शिकण्यात काय अर्थ आहे?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर आयटीतली नोकरी, संध्याकाळी टॅबवर अक्षरं गिरवता, रील टाकता, कुणी फारसं बघत नाही. त्यात ऑफिसातल्या कुणीतरी एआयकडून ‘सुस्वागतम्’ लिहून घेतलं आणि ते तुमच्यापेक्षा बरं दिसलं. म्हणून हे सगळं व्यर्थ वाटतंय.

मी कराडला फ्लेक्स आणि छपाईचं दुकान चालवतो. त्याआधी एका पेंटरच्या हाताखाली पाट्या रंगवायचो. ज्या यंत्राने पेंटरचं काम खाल्लं त्याच यंत्रावर माझं पोट भरतं, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या.

फ्लेक्स जिंकला तो सुंदर होता म्हणून नाही. पत्र्याची पाटी म्हणजे आधी प्रायमर, मग रंगाचा हात, वाळण्याची वाट, खडू लावलेलं सूत मारून रेषा, आणि त्यानंतर कुठे अक्षरं. फ्लेक्स सकाळी सांगितला की संध्याकाळी दारावर. गिऱ्हाईकाला अक्षर कधी हवंच नव्हतं, नाव दिसायला हवं होतं. ओळखीतले काही पेंटर घरं रंगवायला लागले, काहींनी माझ्यासारखी मशीन घेतली, काहींनी ब्रश ठेवून दिला. ‘कलेला मरण नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्या घरचा किराणा भरल्याचं मला तरी माहीत नाही. म्हणून यंत्राने कुणाचं काही जात नाही असली समजूत मी तुम्हाला घालणार नाही.

पण पेंटरकडे शिकलेलं एक मला अजून रोज लागतं. जागा. एखाद्याचं दुकानाचं नाव लांब, पाटी आखूड. पेंटर काय करायचा? काने जवळ घ्यायचा, ‘आणि सन्स’ बारीक करून खाली टाकायचा, वेलांटी शेजारच्या अक्षरावर झुकवायचा. आता ऑपरेटर नाव टाइप करतो आणि माउसने धरून दाबतो किंवा ताणतो. आडवं ताणलं की उभ्या रेषा जाड होतात, शिरोरेषा आहे तेवढीच राहते, आणि अक्षर सुजल्यासारखं दिसतं. आपल्याकडच्या कुठल्याही बसस्टँडसमोर उभं राहून बघा, निम्म्या पाट्या सुजलेल्या आहेत. यात कॉम्प्युटरचा दोष नाही, त्याच प्रोग्रॅममध्ये अक्षरं नीटही बसवता येतात. फक्त कुणीतरी बघून ठरवावं लागतं.

हात की यंत्र हा झगडा मला म्हणूनच फारसा पटत नाही. मराठीतलं पहिलं छापील पंचांग १८३१ साली गणपत कृष्णाजींनी काढलं, ते शिळाछापावर. शिळाछाप म्हणजे आधी कुणीतरी हाताने सगळं लिहायचं आणि ते दगडावर उतरवून छापायचं. (छापलेलं सोवळ्यात चालेना, म्हणून शाईत चरबीऐवजी तूप घातलं असं सांगतात. नव्या यंत्राची भीती काही आजची नाही.) पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे सुबक खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, आली, पण त्या खिळ्यांचे मूळ ठसे पोलादात हातानेच कोरलेले. आणि तुमच्या विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट? तो र. कृ. जोशींनी केला. जन्मभर अक्षरांत रमलेला, आयआयटी मुंबईत शिकवणारा माणूस. २००८ साली गेले. विंडोज २०००पासून आजवर किती अर्ज, निकालपत्रं, नोटिसा त्या अक्षरांत निघाल्या असतील! वाचणाऱ्यांना त्यांचं नाव माहीत नाही आणि त्याने त्या कामाचं काही अडलं नाही. ‘मुक्त’ फॉन्ट करणारी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेची मंडळीसुद्धा पडद्यावरच काम करतात. इंग्रजीला मोठी-छोटी धरून बावन्न अक्षरं. देवनागरीला जोडाक्षरं धरली की शेकड्यांनी आकार काढावे लागतात, आणि ‘ष्ट्र्य’वर मात्रा-अनुस्वार आला तर तो कुठे बसेल हेही कुणाला तरी ठरवावं लागतं. त्यामुळे टॅबवर काढलेलं खरं की खोटं, हा प्रश्न सोडून द्या.

आता एआय. मीही वापरतो, रंगसंगती पटकन बघायला बरं पडतं. सुरुवातीला जोडाक्षरांचा पार चिवडा करायचं, आता सुधारलंय. पण मराठीचा ल आणि श बघा. आपला ल दोन पाकळ्यांचा, आपला श देठाचा. हिंदीत दोन्हींचं वळण वेगळं. महाराष्ट्र सरकारने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढून मराठीसाठी हीच रूपं ठरवून दिली. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र दोन्ही भाषांच्या ल ला क्रमांक एकच. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी रूप आत ठेवलेलं असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रॅमला सांगितलं तरच ते बाहेर येतं. सांगत कुणी नाही. म्हणून मोबाईलवर आपण सगळे हिंदी वळणाचा ल वाचतो, आणि माझ्या अनुभवात एआयही बहुतेक वेळा तोच देतं. त्या ‘सुस्वागतम्’मध्ये ल आणि श नव्हते, नशीब! गंमत अशी की हे खटकायला आधी डोळा तयार व्हावा लागतो, आणि डोळा गिरवल्याशिवाय तयार होत नाही. शिकण्याचा पहिला उपयोग मला हाच दिसतो. यंत्राने दहा नमुने समोर टाकले तर त्यातला कुठला टाकायचा आणि का, हे सांगता येणं.

तुमचं दुखणं मात्र मला एआयचं वाटत नाही, रीलचं वाटतं. रीलमधलं अक्षर कुणाचंच नसतं. ‘स्वप्न’, ‘प्रवास’, ‘आई’ असे शब्द सुंदर काढायचे आणि सोडून द्यायचे. बघणारा अंगठ्याने पुढे जातो, त्याला त्या अक्षराची गरजच नव्हती. कमल शेडगे मराठी नाटकांची नावं काढायचे, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ते अक्षर बघूनच नाटकाची जात कळायची. कारण ते काम त्या एकाच नाटकासाठी असायचं, मुदत असायची, निर्माता डोक्यावर उभा असायचा. अडचण असली की काम खरं होतं. तुमच्या अक्षराला अडचणच नाही.

तेव्हा कुणाचं तरी काम घ्या. सोसायटीतल्या कुणाच्या दारावरची पाटी, बचतगटाच्या मसाल्याचं लेबल, भाचीच्या बारशाची पत्रिका. त्यांना आडनाव मोठं हवं असेल, तुम्हाला लहान, भांडा. त्यांच्या जागेत, त्यांच्या बजेटात बसवा. टॅबवर करा की कागदावर, पण काही महिने बोरू, म्हणजे टोक कापलेली वेताची लेखणीही धरा, आणि देवनागरीसाठी कापलेलाच घ्या. इंग्रजी सुलेखनाच्या निबच्या टोकाचा काप आपल्या लिपीच्या उलट असतो, तो वापरून मुलं ‘माझं अक्षर वळत नाही’ म्हणत बसतात.

नोकरी सोडू नका, एवढ्यात तरी. आणि पैसे घ्या, ओळखीच्यांकडूनही. फुकटची पाटी कुणी नीट तपासत नाही. शंभर रुपये मोजलेला माणूस वेलांटी कुठे चुकली ते बरोबर शोधून काढतो.