लिहिलं एक, वाचलं भलतंच

बाळाच्या नावाबद्दल आलेल्या पत्रांमधले उच्चार आणि स्पेलिंगचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. स्पेलिंग सांगताना अक्षरं सुटी करून दिली आहेत.

प्रश्न : मुलीचं नाव 'ऋजुता' ठरलंय. इंग्रजीत सुरुवात आर-यू करायची की आर-आय? यावरून घरात दोन तट पडलेत.

मराठीत 'ऋ'चा उच्चार 'रु'. गुजराती, कन्नड, तेलुगू आणि ओडिया बोलणारेही तोच करतात. हिंदी आणि बंगालीत 'रि' म्हणतात. अमृता, तृप्ती, कृष्णा या नावांची दोन-दोन स्पेलिंगं दिसतात ती यामुळेच. दोन्ही बरोबर आहेत, पण तुमच्यासाठी एकच बरोबर असेल: ज्या आवाजानं घरात हाक मारणार, तोच कागदावर उतरवा. घरात 'रुजुता' आणि कागदावर आर-आय असा घोळ घातलात, तर हजेरीत 'रिजुता' ऐकू येणार आणि चूक वाचणाऱ्याची नसणार.

आर-यूला एक धोका आहे. इंग्रजीत यू कधी 'पुट'सारखा वाचतात, कधी 'कट'सारखा. नावात आर-यू-टीनंतर लगेच व्यंजन आलं, तर इंग्रजी सवयीचा माणूस 'रट' वाचतो. त्यामुळे 'ऋत्विक'ला आर-यू दिलं की 'रट्विक' ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. तिथे आर-आय पत्करलेलं बरं. ऋजुता, ऋतुजा या नावांत दोन यू पाठोपाठ येतात, त्यामुळे नाव भारतीय आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं आणि तो 'रु'कडे वळतो. यूऐवजी डबल ओ घालायच्या फंदात मात्र पडू नका. नाव लांबतं आणि 'रू' विनाकारण दीर्घ होतो.

खरी गडबड परतीच्या प्रवासात होते. अनेक फॉर्मांत इंग्रजी नाव टाइप केलं की देवनागरी आपोआप तयार होतं, आणि आर-यूचं 'रु'च होतं. 'ऋ' जाऊन 'रुजुता' छापलं जातं. आधारच्या नोंदणीत मराठी ओळही पडद्यावर दिसते. ती अक्षर-अक्षर वाचून, हवी तशी दुरुस्त करूनच पुढे जाऊ द्या. 'ज्ञ'चीही तीच तऱ्हा. प्रज्ञा हे नाव मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, हिंदीभाषक जी-वाय लिहितो, संस्कृतच्या वळणानं जाणारा जे-एन लिहितो, आणि डी-एन-वायवरून यंत्र 'प्रद्न्या' करून ठेवतं.

(ऋकाराच्या नावांत 'मृणाल'बद्दलही विचारणा आहे. तिथे उच्चाराबरोबर लिंगाचाही प्रश्न येतो. बंगालीत हे पुरुषाचं नाव, जसे चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन. आपल्याकडे बाईचं, जशा समाजवादी नेत्या मृणाल गोरे. देशभर फिरणाऱ्या मुलीला 'मिस्टर' म्हणून पत्रं येतील. त्यानं काही बिघडत नाही.)

प्रश्न : 'आद्या' आवडलंय, पण पत्रिकेवरचं नाव कुणी 'आध्या' वाचलं, कुणी 'आघ्या'. नाव बदलावं का?

यात दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

पहिला दोष अक्षराच्या वळणाचा. जुन्या जोडाक्षरात 'द'च्या पोटाखाली 'य' वळसा घेतो, आणि बारीक टायपात तो आकार ध किंवा घसारखा भासतो. छापताना 'द'चा पाय मोडून पुढे पूर्ण 'य' येईल असा फॉन्ट मागून घ्या: 'द्‌य'. वाचनाची चूक बहुतेक तिथेच थांबते. विद्या हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा असल्यामुळे तो कसाही छापला तरी वाचला जातो. 'आद्या'ला ती सवलत नाही.

दुसरा दोष इंग्रजीतला. डीनंतर एच नसेल तर 'आद्या', असेल तर 'आध्या'. मराठीच्या हिशेबानं हे सरळ आहे. पण दक्षिणेत 'त'साठी टी-एच लिहिण्याची रीत आहे. गीता, लता, सविता ही नावं तिकडे टी-एचनं लिहिलेली दिसतात. त्यामुळे एच म्हणजे महाप्राण (ध, थसारखा हकार मिसळलेला उच्चार), हे सगळीकडे गृहीत धरता येत नाही.

आता बदलायचं का, याबद्दल. चुकीचं वाचन म्हणजे नुसता बिघडलेला आवाज असेल, तर समोरचा स्वतःच अडखळतो आणि विचारतो. चुकीचं वाचन हेच दुसरं रुळलेलं नाव असेल, तर कुणी विचारत नाही, बिनधास्त ते लिहून मोकळं होतं. आद्या–आध्या हा दुसऱ्या प्रकारचा पेच आहे. इरा–आयरा तसाच: आय-आर-ए हे इंग्रजी वळणानं 'आयरा' वाचलं जातं, आणि ते नावही हल्ली ठेवतात. असं नाव बाद करा असं आम्ही म्हणणार नाही, पण आधी परीक्षा घ्या.

परीक्षा अशी. कोऱ्या कागदावर फक्त इंग्रजी स्पेलिंग कॅपिटल अक्षरांत लिहा. ज्यांना नाव माहीत नाही अशा पाच-सहा जणांना, त्यात निदान दोघं अमराठी, मोठ्यानं वाचायला सांगा. सूचना काहीही द्यायची नाही. मग उलट करा: दुसऱ्या काहीजणांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. पहिल्यांदा चुकून एकदा सांगितल्यावर जमलं, तर नाव पास. सांगूनही पुन्हा तीच चूक झाली, तर तो आवाज त्यांच्या भाषेत नाही. स्पेलिंग बदलून ते सुधारणार नाही. लिहिणाऱ्यांनी तीन-चार वेगवेगळी स्पेलिंगं पाठवली, तर पुढे आयुष्यभर नावाचं एकेक अक्षर सांगत बसावं लागेल, हे धरून चला.

कॅपिटलसोबत छोट्या अक्षरांतही एकदा लिहून पाहा. 'इला' हे इंग्रजीत तीन अक्षरांचं सुटसुटीत नाव, पण अनेक फॉन्टमध्ये मोठा आय आणि छोटा एल हुबेहूब सारखे दिसतात, आणि नाव दोन एलनी सुरू होतंय असं वाटतं.

प्रश्न : 'जुई'मधला ज अमराठी लोक 'जीवन'मधल्या ज-सारखा म्हणतात. झेड वापरला तर?

नको. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. पुढे इ, ई, ए किंवा य आला तर उच्चार तालव्य, म्हणजे 'जीवन'मधल्या ज-सारखा होतो (जितेंद्र, ज्योती); बाकी ठिकाणी शब्दागणिक बदलतो. जाई, जुई, राज, गजानन यांतला ज दंततालव्य, म्हणजे जीभ दातांकडे नेऊन म्हणायचा. त्यासाठी रोमन लिपीत अक्षर नाही. झेड लिहिलात तर हिंदीभाषक नुक्त्याचा ज़ म्हणेल आणि मराठी माणूस 'झुई' वाचेल, म्हणजे घरचं दारही बंद. जे ठेवा, मराठी माणूस नाव ओळखून बरोबर म्हणेल, बाकीच्यांचा ज थोडा वेगळा येईल. परदेशात राहणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या, की स्पॅनिश माणूस जेचा 'ह' करतो आणि जर्मन माणूस 'य'.

'बकुळ'च्या ळलाही हेच लागू. तो एलमध्ये जातो आणि 'ल' होऊन परत येतो.

प्रश्न : 'सुमित' की 'सुमीत'? आणि 'रवि' की 'रवी'?

बोलताना फरक ऐकू येत नाही, म्हणून गोंधळ. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याआधीचा इकार आपण लांबवतोच. अनिल आणि सुनील म्हणून पाहा: शेवट सारखाच, पण अनिलमध्ये ह्रस्व आणि सुनीलमध्ये दीर्घ, कारण एक शब्द 'अनिल' (वारा) आणि दुसऱ्यात 'नील' आहे. मूळ शब्द बघून ठरवा. 'मित' ह्रस्व, म्हणून 'सुमित'. नावाच्या अखेरचा इकार-उकार मात्र मराठीच्या लेखननियमांप्रमाणे दीर्घ: रवी, मधू. समासात पहिलं पद असेल तर ह्रस्व: रविराज, मधुकर. जोर कोणत्याही एका रूपावर द्या, पण सगळ्या कागदांवर तेच ठेवा.

प्रश्न : स्पेलिंग ठरायला वेळ लागतोय आणि जन्मनोंदणीची घाई आहे. शिवाय अंक जुळवण्यासाठी एक जादा ए घालायला सांगितलंय.

घाई जन्माच्या नोंदीची आहे, नावाची नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे नोंद नावाशिवाय होऊ शकते. नाव नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र वर्ष उलटू देऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करायला जन्मदाखलाच लागतो.

एकदा नाव घातलं की कायद्यात वाट आहे ती नोंदीतली चूक दुरुस्त करण्याची. मत बदललं, ही चूक नव्हे. आधारमध्येही नावातला बदल आयुष्यात दोनदाच करता येतो.

जादा एबद्दल: तो घातल्यानं उच्चार बदलतो का, एवढंच बघा. सुरुवातीच्या 'आ'साठी डबल ए उपयोगी आहे, कारण एकट्या एचा 'अ'ही होतो. शेवटी तो फारसं काही सांगत नाही, आणि फोनवर नाव सांगताना 'दोनदा ए' हे दर वेळी जोडावं लागतं. ए-वर आडवी रेघ देऊन दीर्घत्व दाखवण्याची कल्पना एका पत्रात आहे. पासपोर्टच्या यंत्रानं वाचायच्या ओळीत नावासाठी साधी ए ते झेड अक्षरंच चालतात, तिथे ती रेघ गळून पडते. दाखल्याची छपाई होण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नोंदी तपासायला मागा, आणि अर्ज भरताना नाव स्वतःच्या हातानं, सुट्या कॅपिटल अक्षरांत लिहा.